शार्दूलची उंची

लोकमान्यनगर, इंदूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय प्रमू,

अनेक आशीर्वाद. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलता येत नाही, म्हणून तरी आपल्या दोघांची पोस्टमनशी ओळख टिकून आहे. मामाच्या अंगणात लंगडी घालणारी तू आता मिरजेत कानाला यंत्र लावून बसतेस, हे मला अजून खरं वाटत नाही.

आज काम आहे, म्हणून लिहितोय. रजतनं ऑगस्टात सिमरोलच्या बाजूच्या एका फार्मवरून जर्मन शेफर्डचं पिल्लू घेतलं. बंगलोरला नेणार होता. पण तिथलं घर सोडायचं निघालं, म्हणून ‘बाबा, बस दोन महिने सांभाळा’ असं म्हणून माझ्या पदरात टाकून गेला. दोनाचे पाच महिने झाले. त्यानं नाव ठेवलंय ब्रूनो. मी शार्दूल म्हणतो. छत्तीस वर्षं पोरांकडून शार्दूलविक्रीडिताचे गण घोकून घेतले, मसजसततग, मसजसततग. पण वाघाचं खेळणं कसं असतं ते हा माझी चप्पल तोंडात धरून तुळशीभोवती पळाला तेव्हा समजलं.

तर प्रश्न असा की हा फार वाढतोय. काल स्वयंपाकघराच्या दाराशी उभा केला, डोक्यावर शाळेतली लाकडी पट्टी आडवी धरली आणि चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारली. तीस इंच! सात महिन्यांचं पोर! फार्मवाला म्हणाला होता, ‘बाऊजी, इसका बाप तो शेर है.’ मला तेव्हा अतिशयोक्ती अलंकार वाटला होता.

रजतचं नवं घर भाड्याचं आहे, जूनमध्ये ताबा. घरमालकानं करारात लिहिलंय की सव्वीस इंचांहून उंच कुत्रा चालणार नाही. ओळीत एक अक्षर जास्त झालं तर मी लाल शाईनं गोल करायचो. इथे तर चार इंच जास्त झाले. तेव्हा तू तुझ्या गुरांच्या दवाखान्याच्या जुन्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दे, की हा कुत्रा जातीच्या मानानं प्रमाणाबाहेर मोठा आहे. डॉक्टरचा कागद असला की बोलणं मिटतं. रजतला मी तीस इंच कळवलंय. बिचाऱ्याला उगाच आशा नको.

तुझा
शरददादा


मिरज
२४ जानेवारी २०२५

प्रिय शरददादा,

सा. न. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसायला आणि एकदा काळजीनं.

अरे, कुत्र्याची उंची डोक्यापर्यंत मोजतात का? तो काय पहिलीत नाव घालायला आणलाय? कुत्रा मान वर करतो, खाली घालतो, कान उभे करतो. म्हणून माप खांद्याचं. मान संपून पाठ सुरू होते तिथे, दोन्ही खांद्यांच्या हाडांमध्ये, बोटाला उंचवटा लागेल. चारही पाय सपाट फरशीवर सरळ. तिथून जमिनीपर्यंत. घरमालकाला तेच म्हणायचं असणार. या जातीचा नर पुरा वाढला की चोवीस ते सव्वीस इंच भरतो. तुझा तीस इंच खांद्याला असता तर ते वासरू झालं असतं, आणि वासरं मी हजारांनी पाहिली आहेत.

पंजे आणि कान यांच्यावर जाऊ नकोस. या वयात ते पुढे धावतात, बाकीचं शरीर मागून येतं. उंची वर्षभरात जवळजवळ थांबते, छाती भरायला आणखी वर्ष लागतं. आजच्या एका आकड्यावरून कोणी शहाणा माणूस ‘मोठा’ म्हणणार नाही. दर महिन्याला मोज, लिहून ठेव. वजनासाठी त्याला उचलून काट्यावर उभा राहू नकोस, तुझी कंबर जाईल. शेजारच्या दवाखान्यात ने.

न बघता मी कुठल्या गाईचं सर्टिफिकेट दिलं नाही, तुझ्या शार्दूलचं कसं देऊ?

आता खरं सांग. मी सुट्टीत तुमच्याकडे आले असताना रजत तापानं फणफणला होता तेव्हा तू कवितेच्या वह्या तपासत बसला होतास, वहिनी रडत माझ्याकडे आली होती. तो तू आज कुत्र्याच्या इंचांची चिंता करतोस. हा कुत्रा तुला मोठा नको आहे, की मोठाच हवा आहे?

तुझी
प्रमोदिनी


इंदूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रमू,

तू लहानपणीही अशीच होतीस. सगळे चांदण्या बघत असायचे आणि तू विचारायचीस, गच्चीचं दार कोणी बंद केलं.

हो, मोठाच हवा आहे. घे.

तुझी वहिनी गेल्याला सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत रजत किती वेळा आला, तर दिवाळीला आला तर आला. सुट्टी नाही, सूनबाई अमिताचं ऑफिस, तिकिटं महाग. मी समजूतदार माणूस, मी म्हणायचो, ‘काम असेल तर राहू दे रे.’ आणि हा शार्दूल आल्यापासून बघ. ऑक्टोबरात आला, डिसेंबरात आला. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. ‘बाबा, जरा ब्रूनोला दाखवा.’ मी मोबाईल कुत्र्यासमोर धरतो. हात दुखेपर्यंत धरतो. मग शेवटी तो म्हणतो, ‘आणि तुम्ही कसे आहात?’ या एका प्रश्नासाठी, प्रमू, मी त्या जनावराला अर्धा तास बसवून ठेवतो.

डिसेंबरात आला तेव्हा रजत अंगणात त्याच्याशी खेळत होता. थंडीतलं ऊन, भिंतीवर दोघांच्या सावल्या, हातातला चहा निवून गेला तरी मी दारातच. कवितेच्या तासाला एखादी ओळ अशी यायची की सगळा वर्ग गप्प व्हायचा, पंख्याचा आवाज ऐकू यायचा. तसं झालं. जूनमध्ये कुत्रा गेला की हे सगळं गेलं. मग पुन्हा दिवाळीला आला तर आला.

म्हणून म्हटलं, मोठा ठरला तर राहील.

तू सांगितलंस तसं खांद्याचं माप घेतलं. शेजारच्या जयसिंगरावांना बोलावलं. त्यांचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, आणि हे स्वतः पोलोग्राउंडच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर. चौकटीवरची माझी रेघ बघून एवढे हसले की खाली बसले. ‘मास्तरजी, घोड्याचं मुंडकं कोणी नापतं का हो? असं असतं तर रिसाल्यातले सगळे घोडे जिराफ निघाले असते भिया!’ मग घरून आपला लोखंडी गुनिया घेऊन आले, भिंतीला काटकोनात लावला, खांद्यावर टेकवला, डोळा बारीक करून सूत न् सूत मोजलं. त्यांनी काय आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही. त्यांचा चष्मा जुना आहे.

शार्दूलचा आहार मी सुधारला आहे. सकाळी तुपाची पोळी, दुपारी पनीर, रात्री दलिया आणि दोन अंडी, रविवारी अर्धी जिलेबी. वाढीचं वय आहे.

तुझा
शरददादा


मिरज
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय शरददादा,

तूप बंद कर. आज, हे पत्र खाली ठेवायच्या आधी.

खाऊ घालून कुत्रा उंच होत नाही, जाड होतो. उंची आईबापांकडून येते. वाढत्या हाडांवर वजन चढलं की कमरेचे सांधे बिघडतात, आणि ही जात त्या बाबतीत मुळातच नाजूक. चौथ्या वर्षीच त्याला जिना चढता येईनासा होईल. बरगड्यांवरून हात फिरव. हलक्या हातानं मोजता आल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागल्या तर तू त्याचं नुकसान करतो आहेस, प्रेम कितीही असो.

सर्टिफिकेट मिळणार नाही.

बाकी जे लिहिलंस ते वाचलं. माझी मुलगी मंजुषा याच गावात चार गल्ल्या पलीकडे राहते. महिन्यातून एकदा येते, तेही डबा परत न्यायला. त्यामुळे बंगलोर लांब आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. आम्ही आपले रिकामे डबे जपून ठेवतो.

तुझी
प्रमोदिनी


इंदूर
६ एप्रिल २०२५

प्रिय प्रमू,

अक्षराला हसू नकोस. वर्गात वळणदार अक्षरासाठी छड्या मारल्या, आता माझंच अक्षर कोंबडी चालल्यासारखं. गच्चीवर पाय घसरला, उजव्या मनगटाला जरा सूज आहे. क्रेप बँडेज आहे, काळजीचं काही नाही.

रजत रंगपंचमीला आला होता, तिसऱ्यांदा! गेरची रंगाची मिरवणूक बघायला राजवाड्यावर जाऊ म्हणाला, पण गर्दीत शार्दूल बिथरेल म्हणून आम्ही तिघं घरीच थांबलो. जयसिंगरावांनी येऊन आम्हा सगळ्यांना गुलाबी केलं, कुत्र्यासकट. रजत म्हणाला, ‘अरे बाबा, हा तर पहलवान झालाय यार.’ दवाखान्यात अडतीस किलो भरला. मी म्हटलं, मी तर कधीपासून सांगतोय. त्यानं शार्दूलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मोजायचं म्हणाला नाही. जाताना म्हणाला, मेमध्ये परत येऊन बघतो.

पनीर कमी केलंय. तूप थोडं.

हात दुखतो, थांबतो.

शरददादा


मिरज
१५ एप्रिल २०२५

प्रिय शरददादा,

गच्चीवर घसरलेला माणूस तळहात टेकवतो, त्याचं कोपर सोलतं, कंबर धरते. तू फक्त मनगटाबद्दल लिहिलंस. आणि तू दोरी उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन धरत असणार, कारण लहानपणी पतंगाचा मांजाही तसाच धरायचास आणि बोट कापून घ्यायचास. चाळीस वर्षं मी दाव्यानं ओढले गेलेले शेतकरी बघितले. त्यांची मनगटं अशीच सुजतात, आणि तेही मला सांगायचे, पायरीवरून पडलो.

कुठे ओढलं त्यानं तुला? रस्त्यावर? मांजर होतं की दुसरा कुत्रा? कोणी उचललं तुला?

दादा, तुझा आकडा मला कळला आहे. जयसिंगरावांचा गुनिया तीस इंचांवर टेकला असता तर तू तो पत्रावर चारदा लिहिला असतास. लपवलास म्हणजे तो पंचवीसच्या आसपास आहे. तुझा कुत्रा आपल्या जातीत अगदी बेतशीर आहे, छान वाढतोय, फक्त चार-पाच किलो जास्त आहे आणि तो तुझा अपराध. पण सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या मनगटाला तो मोठा आहे. तुला जे सर्टिफिकेट हवं होतं ते हे. फक्त ते उलट्या बाजूनं खरं निघालं.

रजतला खरा आकडा कळव. मनगटाचंही कळव. मी कळवू शकते, माझ्याकडे त्याचा नंबर आहे आणि लिहून पाठवायला कान लागत नाहीत. पण मी ते करणार नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी मालकाला डावलून जनावराचा निर्णय घेतला नाही.

पुढच्या वेळी शार्दूल दुसऱ्या बाजूला ओढेल, आणि त्या बाजूला गाड्या असतील. मला तुझं पत्र यायला हवं आहे. हे एवढंच मी स्वतःसाठी मागते.

तुझी
प्रमू


इंदूर
११ जून २०२५

प्रिय प्रमू,

उत्तराला दोन महिने लावले. रागावून नाही. तुझं पत्र मी खिशात घालून फिरत होतो.

दूधवाल्याच्या म्हशीवर धावला होता तो. मनगटाला दोन वेढे होतेच. कोपऱ्यापासून गल्लीतल्या दौलतरावांच्या फाटकापर्यंत मी डांबरावर घसटत गेलो. जयसिंगरावांनीच उचललं. आणि शार्दूल, प्रमू, तो म्हैस सोडून परत आला आणि माझं तोंड चाटत राहिला, रस्त्यात, सगळ्यांसमोर. त्याचा काय दोष? मी रजतला हे सांगितलं नव्हतं. जयसिंगरावांनाही शपथ घातली होती.

मे महिन्यात रजत आला नाही, काम निघालं. मग मी त्याला पत्र लिहिलं. फोन नाही, पत्र. जन्मात पहिल्यांदा माझ्याच पोराला पत्र लिहिलं. चार खर्डे फाडले. पाचव्यात लिहिलं की तीस इंच खोटं आहे, मनगट खरं आहे, जूनमध्ये येऊन घेऊन जा.

गेल्या शुक्रवारी तो गाडी घेऊन आला, एकटाच, दोन दिवस चालवत. रविवारी सकाळी शार्दूल मागच्या सीटवर बसून गेला. तूप मी एप्रिलपासून खरोखर बंद केलं होतं, चौतीस किलोवर आला होता. बरगड्या हाताला लागत होत्या. तुला कळवायचं राहून गेलं. जयसिंगरावांनी गाडीत हाडांची पिशवी टाकली, वर म्हणाले, ‘बेटा, हमारे घोड़े को बंगलोर में लिफ्ट में मत घुमाना.’ आणि पटकन घरात निघून गेले. गाडी वळेपर्यंत तो मागच्या काचेतून बघत होता. मग अंगणात आलो. फरशीवर त्याच्या पाण्याचं भांडं होतं, ते पाणी मी ओतलं नाही. काल बुलबुल पिऊन गेला त्यातलं.

तुला जे सांगायचंय ते शनिवारचं आहे.

घरमालकाला मापाचा फोटो पाठवायचा होता. रजत म्हणाला, आपण दोघंच मोजू. जयसिंगरावांचा गुनिया आणला. मी खाली बसून शार्दूलला छातीशी धरला, डावा हात त्याच्या गळ्याखाली, उजवा पोटाशी. रजत गुडघ्यावर बसून खांद्याचा उंचवटा शोधत होता.

मी म्हटलं, ‘तुला माझा आकडा खोटा वाटला नाही कधी?’

‘बाबा, मी ऑफिसमध्ये तीस इंच सांगितलं तर सगळे हसले. म्हणाले, घोडा पाळलाय का?’

‘म्हणजे तुला माहीत होतं! तीनदा आलास, एकदाही टेप काढली नाहीस.’

‘तुम्ही पण नाही काढलीत.’

‘मला बोलायचं होतंस.’

‘बोललो असतो तर परत बघायला यायचं काय कारण सांगितलं असतं? अमिताला, ऑफिसला. तिकडे लोक विचारतात ना.’

मला राग आला, प्रमू. म्हटलं, ‘बापाकडे यायला कारण लागतं का रे?’

तो गुनिया भिंतीला लावत होता. मान वर न करता म्हणाला, ‘तुम्ही तरी कधी म्हणालात का, ये म्हणून? फोनवर प्रत्येक वेळी एकच. काम असेल तर राहू दे. मला वाटायचं, तुम्हाला तुमच्या वह्या पुरतात.’

वर्गात एखाद्या मुलाला कवितेचा अर्थ विचारावा आणि त्यानं आपल्याला वीस वर्षांत न सुचलेला सांगावा, तेव्हा जसा मी खडू हातात धरून उभा राहायचो, तसा बसून राहिलो. त्याची मान माझ्यासमोर वाकलेली होती. टाळूवर केस विरळ झालेत. कानामागे पांढरे. चव्वेचाळीस वर्षांचा आहे तो, आणि मी हे आज बघत होतो.

‘हलू नका बाबा,’ तो म्हणाला. त्यानं टेप खाली सोडली, अंगठ्यानं दाबली. ‘सव्वापंचवीस.’

घरमालकाच्या अटीत पाऊण इंच राखून. झालं. त्यानं फोटो काढला. आता मी हात सोडायला हरकत नव्हती, पण सोडले नाहीत. शार्दूलही आश्चर्यानं गप्प उभा. त्याच्या पाठीवरून मी रजतला म्हटलं, ‘दिवाळीला ये.’

‘ब्रूनोला आणू?’

‘आणलास तर आण. नाही आणलास तरी ये.’

बस. एवढंच. शार्दूलविक्रीडिताच्या दोन ओळीही भरत नाहीत यात. आकडा केव्हाच वाचून झाला होता, फोटोही निघाला होता, तरी रजत मान खाली घालून टेपकडेच बघत राहिला, आणि मी त्याला वाचू दिलं.

तुझा
शरददादा